काठावरचं मीठ

मी एक काचेची टाकी बोलतेय, खाऱ्या पाण्याची. चार भिंती, एक तळ आणि वरचं उघडं तोंड, एवढाच माझा देह. लाज वाटली की माणसं तोंड लपवतात. मला ती सोय नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण माझी मूठ जन्मापासून उघडीच. माझ्या पोटात जे चाललंय ते आल्यागेल्याला दिसतं. तो वाकून बघतो, काचेला बोट लावतो आणि मत देऊन जातो. म्हणून आधीच सांगते, ही काही कौतुकाची गोष्ट नाही.

माझा जन्म एका काचवाल्याच्या गाळ्यात झाला. एका मोठ्या तक्त्यातून कुणाच्या तरी दिवाणखान्याची खिडकी कापली गेली आणि उरल्यासुरल्या तुकड्यांतून मी झाले. काचवाल्यानं माझ्या कडा घासल्या, सांध्यांत चिकट गोंद भरला, तो अंगठ्यानं सारखा केला आणि मला पाण्यानं भरून कागदावर ठेवलं. सकाळी कागद कोरडाच होता. "पोरगी गुणाची आहे," तो म्हणाला, "गळत नाही." त्या एका वाक्यावर मी पुष्कळ दिवस ताठ मानेनं उभी होते. न गळणं हा नेहमीच गुण असतो असं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

तिथून मी मासेवाल्या बाईंच्या दुकानात आले. मासे खायचे नव्हेत, पाळायचे. बाईंच्या बाह्या कायम कोपरापर्यंत ओल्या असायच्या, आणि बोलणं मात्र खडखडीत कोरडं. एके दिवशी त्यांच्याकडे एक गिऱ्हाईक आलं. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस; खिशात टेस्टर, नखांत ग्रीस. बरोबर त्याचे सासरेही होते. पण ते आत आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले आणि दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिले.

बाईंनी लिफ्टवाल्याला सगळं नीट समजावलं. आधी वाळू आणि समुद्रातले भोकाभोकांचे दगड. मग पाणी मुरू द्यायचं, लोणच्यासारखं, घाई करायची नाही. मग गोगलगायी. मग मासे, तेही दोनच. "टाकी छोटी आहे," त्या म्हणाल्या, "आणि छोट्या टाकीत चूक मोठी होते." शेवटी त्यांनी एक गोष्ट दोनदा सांगितली. पाणी रोज थोडं उडून जाणार. पण उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर घालायची ती गोड्या पाण्याची. खारं पाणी फक्त टाकीतलं पाणी बदलताना.

लिफ्टवाल्यानं मान डोलावली. खारेपणा मोजायचं काटेवालं यंत्रही घेतलं. हे सगळं मी शेल्फवरून ऐकलं. ऐकलं, हेच माझं दुर्दैव.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत सासऱ्यांची खाट, आणि खाटेसमोरची खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत. सासूबाई गेल्यापासून ते लेकीकडे राहायला आले होते आणि दिवसभर त्या भिंतीकडे बघत बसत. जन्मभर समुद्रावर नोकरी केलेला माणूस भिंत बघत बसतो, हे जावयाच्या मनाला लागलं. तो बोलून दाखवणाऱ्यातला नव्हता. एक दिवस सरळ मला घेऊन आला आणि खाटेसमोर ठेवलं.

या घराची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. सासरे दुसरा चहा मागत नसत, मागितला तर ओझं होईल म्हणून. जावई त्यांच्यासमोर पाय पसरत नसे आणि टीव्हीचा आवाज इतका बारीक ठेवी की बातम्या ओठांवरून ओळखाव्या लागत. लेक औषधांच्या दुकानात कामाला होती. ती घरी आली की दोघांच्याही तोंडाला वाचा फुटे, पण तिच्याशी. एकमेकांशी नाही. दोघं एकमेकांना इतके जपत की बोलायचंच राहून जाई.

इमारतीत मात्र सासऱ्यांना मान होता. पोरं त्यांना कप्तान म्हणत, आणि पोरांचं ऐकून त्यांचे आईबापही. दाराबाहेरच्या गॅलरीत कुणी म्हणालं, "कप्तान, आज पाऊस पडेल का?" तर ते आभाळाकडे बघत, जरा थांबत आणि म्हणत, "वारा बघू." मला सुरुवातीला त्याचं मोठं कौतुक वाटे. आपल्याला कप्तानाचं घर मिळालं, असं मी मनात म्हणे.

पहिल्या दिवसांत माझी ऐट बघण्यासारखी होती. वाळू बसली, दगड रचले गेले, पाणी मुरलं. गोगलगायी आल्या आणि माझ्या काचा चाटूनपुसून लख्ख करू लागल्या. मग केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची जोडी आली. त्यातली मादी मोठी आणि तोऱ्याची, नर लहान आणि तिच्या मागेमागे. लेकीनं लगेच नावं ठेवली, मादी ती बाईसाहेब आणि नर तो अहो. जावई हसला आणि सासऱ्यांसमोर हसलो म्हणून लगेच गप्प झाला. मग एक लाल पाठीची कोळंबी आली. ती दगडाच्या कोपऱ्यावर दुकान थाटून बसे आणि मासे तिच्यापाशी जाऊन अंग साफ करून घेत. तिचं नाव न्हावी. शेवटी एका लहान दगडावर प्रवाळाचा गुच्छ, हिरव्या बटणांसारखा, सकाळी उमलणारा.

त्या दिवशी जावयानं माझ्या शेजारी दोन भांडी ठेवली. निळ्या ड्रममध्ये कालवलेलं खारं पाणी, पांढऱ्या कॅनमध्ये गोडं. मग सासऱ्यांना म्हणाला, "बाबा, रोज पाणी थोडं कमी होईल. तेवढी भर घालायची. हे खातं तुमचं."

सासऱ्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्या घरात आल्यापासून त्यांना पहिल्यांदा काहीतरी काम मिळालं होतं. जावयानं पुढचं सांगायला तोंड उघडलं. गोडं पाणी, हे दोन शब्द त्याच्या जिभेवर आलेले मला दिसले. पण समोर कोण? सगळी नोकरी समुद्रावर काढलेला माणूस. त्याला आपण लिफ्टवाल्यानं समुद्र शिकवायचा? त्यानं तोंड मिटलं आणि डबा घेऊन कामावर गेला.

दुपारी पोरं जमली. सासरे मग्गा घेऊन उभे राहिले. त्यांनी ड्रमकडे पाहिलं, मग कॅनकडे पाहिलं. त्यांनाही प्रश्न पडला होता, हात मधेच थांबला होता. संध्याकाळी जावयाला विचारावं, असंही आलं असेल मनात. पण एक पोरगी म्हणाली, "कप्तान, कुठलं घालायचं?" कप्तानानं असं थांबून कसं चालेल?

"समुद्राच्या माशाला समुद्राचंच पाणी लागतं," ते म्हणाले आणि मग्गा ड्रममध्ये बुडवला.

एकदा चारचौघांत बोललेलं परत गिळता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच केलं, आणि तिसऱ्याही. माझ्यातून पाणी उडत होतं, मीठ मागे राहत होतं, आणि वरून आणखी मीठ पडत होतं. स्वयंपाकघरात रस्सा आटला की खारट होतो, हे कुणालाही कळतं. माझा रस्सा रोज आटत होता आणि रोज त्यात मिठाचंच पाणी पडत होतं.

ओरडावं असं मला किती वाटलं. पण काचेला आवाज नसतो. असलाच तर फुटल्याचा. मी गुणाची पोरगी, न गळणारी. सगळं पोटात ठेवून तशीच उभी राहिले.

जावयाला दिसत नव्हतं असं नाही. पांढरा कॅन भरलेलाच राहतो, हे त्यानं पाहिलं. बाबा स्वयंपाकघरातून पाणी आणत असतील, अशी स्वतःची समजूत घातली. ड्रम लवकर रिकामा होतो, हेही पाहिलं. एकदा त्यानं खारेपणा मोजायचं यंत्र हातात घेतलं. तेवढ्यात सासरे खाटेवर उठून बसले. आपण मोजलं तर त्यांना वाटेल, यांचा माझ्यावर भरवसा नाही. त्यानं यंत्र कपाटाच्या खणात ठेवून दिलं, मोजे होते त्याच्या खाली. हा माणूस दुसऱ्यांच्या इमारतींतल्या लिफ्टचा एकेक दोर हात लावून तपासतो. घरी मात्र त्याचा हात पुढे झाला नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्या घरात ती माशांच्या मुळावर उठली.

आधी गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पडल्या, त्या उठल्याच नाहीत. मग प्रवाळाची बटणं सकाळी उमलायची थांबली. न्हाव्याला कात टाकता आली नाही; अर्ध्या कातीत अडकून तो कोपऱ्यात मरून पडला. त्याच्या दुकानासमोर बाईसाहेब येऊन थांबत आणि परत जात. माझ्या काठावर पांढरा थर चढू लागला होता. लेक तो ओल्या फडक्यानं पुसून काढी आणि दोन दिवसांत तो पुन्हा येई. जावई म्हणाला, आपण घाई केली असेल. सासरे म्हणाले, समुद्रातही मरतातच.

मला वाटतं, आतल्या भीतीपोटीच त्यांनी रविवारी सगळ्या मजल्याला बोलावलं. काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळत होतं, पण चार लोकांनी वा वा म्हटलं की आपलीही खात्री पटते. पोरं आली, आईबाप आले, समोरची शेजारीण आली. सासरे धुतलेला सदरा घालून माझ्या शेजारी उभे राहिले. आणि त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अहो एका कुशीवर कलला, दोनदा शेपूट हलवली आणि हळूहळू वर येऊन तरंगू लागला.

लहान पोरांतलं एक रडायला लागलं. शेजारीण निघताना लेकीच्या कानाशी म्हणाली, पण ऐकू सगळ्यांना गेलं, "टाकीच पांढऱ्या पायाची दिसते गं. देऊन टाक कुणाला."

मला पाय नाहीत. तरी ते शब्द मला लागले. दिवाणखान्याची खिडकी झाले असते तर बरं झालं असतं, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. माझ्या पोटातलं मरण सगळ्यांनी रांगेत उभं राहून पाहिलं होतं, आणि ते का आलं हे फक्त मला माहीत होतं.

लोक गेल्यावर सासरे अहोला काढायला पुढे आले. एका हातात जाळी, दुसरा हात आधारासाठी माझ्या काठावर. अंगठ्याला तो पांढरा थर लागला. त्यांची नजर अधू झाली होती, पण अंगठा जुना होता. त्यानं थर चाचपला. नखानं खरवडला. मग त्यांनी तो जिभेला लावला.

जाळी त्यांच्या हातात तशीच राहिली. मी काच, समोरच्याचा चेहरा माझ्यात उमटतो. त्यांचा चेहरा तेव्हा माझ्यात जसा उमटला, तसा कुणाचाही पुन्हा उमटू नये.

जावयानं अहोला कुंडीत पुरलं. संध्याकाळी माझ्यावर एक जुनी चादर टाकली. खरं सांगते, मला हायसं वाटलं. जन्मात पहिल्यांदा मी झाकलेली होते.

दुसऱ्या दिवशी जावयानं सुट्टी घेतली. चादरीआडून मला त्याचा आवाज ऐकू येत होता. चूक त्याचीच, तो लेकीला सांगत होता. त्यानं घाई केली, त्याला हे जमणारं नाही. बाईसाहेबांना दुकानात परत देऊन येतो आणि टाकीही देतो. बाबांसमोर हा विषय नको, त्यांना आधीच वाईट वाटलंय.

सासरे खाटेवर होते. सगळं ऐकत होते. गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं. दोष जावयानं उचलला होता, पांढरा पाय मला लागला होता आणि कप्तान कप्तानच राहिला असता. बोलले तर आयतं मिळालेलं खातं जाणार, आणि त्याच्याबरोबर इमारतीतलं नावही. मग उरणार काय, तर लेकीच्या घरातला एक म्हातारा आणि समोरची भिंत. एवढं सगळं त्या खाटेच्या करकरण्यात मला ऐकू आलं. ते उठले. चादर ओढली गेली आणि माझ्यावर उजेड पडला.

"जावईबापू," ते म्हणाले, "टाकी देऊ नका. मासे मी मारले."

जावई काहीतरी म्हणायला गेला, पण ते थांबले नाहीत. त्यांनी माझ्या काठावरचा थर नखानं खरवडला आणि अंगठा पुढे धरला.

"हे मीठ मी ओळखतो. माझा जन्म हे खरवडण्यात गेला. मी कप्तान नव्हतो. इंजिनखोलीत तेलपाणी बघायचो. आमच्याकडे एक यंत्र होतं, समुद्राचं पाणी उकळून गोडं करायचं. वाफ गोडी, मीठ मागे. ते मीठ नळ्यांत बसायचं आणि मी ते छिन्नीनं काढायचो. पाणी जातं, मीठ राहतं, हे मला झोपेतसुद्धा माहीत होतं. तरी रोज खारंच ओतलं. का, तर कप्तान म्हणतात म्हणून." त्यांनी अंगठा सदऱ्याला पुसला. "सगळी नोकरी समुद्रावर झाली, पण मासा बघितला तो ताटातच. आम्ही पाण्याच्या खालच्या अंगाला होतो. तिथे खिडकी नसते."

जावयाची मान खाली होती. मला वाटलं, आता हा बाबांना समजावेल, असू द्या म्हणेल. त्यानं तसं केलं नाही, हे फार बरं झालं.

"बाईंनी मला सांगितलं होतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "गोडं घाला म्हणून. दोनदा सांगितलं. मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला कसं सांगायचं?"

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. दोघंही शरमले होते आणि दोघांची शरम एकाच पाण्यातली होती. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "एका घरात राहून दोघं पाहुण्यांसारखे वागता. आता यजमान कोण, ते ठरवा एकदा." आणि ती कपाटाच्या खणातून, मोज्यांच्या खालून, ते यंत्र घेऊन आली. म्हणजे तिलाही ते कुठे आहे हे माहीत होतं. यंत्र माझ्यात बुडवलं तेव्हा काटा आकड्यांच्या पलीकडे जाऊन टेकला.

दुकानवाल्या बाईंनी फोनवर आधी चांगलं झापलं. मग सांगितलं, एकदम गोडं ओतलंत तर उरलेलाही जाईल. जसं चढलं तसंच हळूहळू उतरवा. मग सासरे आणि जावई माझ्यासमोर स्टूल टाकून बसले. एक वाटी काढायची, एक वाटी गोडं घालायचं, मोजायचं, थांबायचं. असं कितीतरी दिवस. बाईसाहेब दगडाआड धापा टाकत पडून होत्या. सासरे त्यांना हळूच काही सांगत असत. माफी मागत असावेत, मी नीट ऐकलं नाही. ऐकलेलं सगळंच सांगायचं नसतं.

बाईसाहेब वाचल्या. आता त्या एकट्याच फिरतात, तोरा जरा कमी झालाय. गोगलगायी नव्या आल्यात. प्रवाळाची बहुतेक बटणं गेली, पण परवा एक उमललं. दुकानवाल्या बाई म्हणाल्या, दुसरा अहो आणून सोडा. सासरे म्हणाले, अजून नको. कुंडीतल्या रोपाला आलेलं फूलही ते कुणाला तोडू देत नाहीत.

पोरांना त्यांनी स्वतः बोलावून सांगितलं की मी कप्तान नाही, इंजिनखोलीतला तेलवाला होतो. पोरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, इंजिन केवढं होतं? आता रोज दुपारी इंजिनाच्या गोष्टी चालतात. कप्तान म्हणायचं मात्र पोरांनी सोडलं नाही. हाक आली की अजूनही त्यांचे कान लाल होतात.

माझ्या काठावर एका कोपऱ्यात थोडं मीठ त्यांनी मुद्दाम ठेवलंय. लेकीला पुसू देत नाहीत. येणारे विचारतात, हे काय राहिलंय इथे? मला तेव्हा पुन्हा लाज वाटते. वाटू दे. माझ्या पोटात जे जीव गेले त्यांची तेवढी आठवण तरी राहील. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी असेल, तर तुम्हाला हात जोडून एवढंच सांगणं आहे. ज्याला सगळं येतं असं वाटतं, त्यालाही एकदा सांगा. आणि ज्याला सगळं येतं असं लोकांना वाटतं, त्यानं एकदा विचारावं.

रोज सकाळी सासरे पांढऱ्या कॅनमधून मग्गा भरतात. कॅनवर लेकीनं मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली आहे, चुकायचा प्रश्नच नाही. तरी ते मग्गा माझ्यावर धरून थांबतात.

"जावईबापू, गोडं ना हे?"

जावई बूट घालत असतो, कामाला उशीर होत असतो. तो एक बूट तसाच ठेवून उठतो, मग्ग्यात बोट बुडवतो, जिभेला लावतो आणि म्हणतो, "गोडं आहे, बाबा. घाला."